ओल्या शहरी ऑब्स्टॅकल रेससाठी (अडथळे पार करत धावायच्या शर्यतीसाठी) कोणते शूज घ्यावेत? रोजच्या धावण्यालाही तेच चालतील का?

चालतील, पण आधी तळवा उलटा करून बघा. चिखलासाठीचे ६-८ मिमी उंच खिळे, म्हणजे तळव्याचे रबरी उंचवटे, इथे उपयोगाचे नाहीत. ओल्या फरशीवर, लोखंडी पायऱ्यांवर किंवा रंगवलेल्या पट्ट्यांवर रबराचा जितका भाग टेकतो तितकी पकड मिळते, आणि उंच, विरळ खिळ्यांची फक्त टोकंच टेकतात. २ ते ४ मिमीचे, जवळजवळ बसवलेले खिळे घ्या. रबर मऊ हवं. नख दाबून बघा, प्लॅस्टिकसारखं टणक लागलं तर सोडून द्या. मऊ रबर डांबरावर लवकर झिजतं, तेवढं मान्य करावं लागतं.

वॉटरप्रूफ शूजचा मोह टाळा. पाण्याच्या टाकीत उडी मारली की पाणी घोट्याकडून आत शिरतं आणि तिथेच साठतं. त्यापेक्षा पातळ जाळीचे बरे, चार पावलांत पाणी बाहेर. सोबत सिंथेटिक मोजे घाला, सुती नकोत.

फार जाड, गुबगुबीत फोमचे शूज रस्त्यावर छान वाटतात, पण अरुंद फळीवर घोटा डगमगतो. मध्यम जाडी पुरे. दोरावर चढायचं असेल तर पायाच्या आतल्या बाजूला रबर चढवलेलं आहे का बघा, नाहीतर दोर जाळी खाऊन टाकतो.

आणि नवे शूज थेट शर्यतीत घालू नका. आधी एकदा भिजवून धावा, टाच आत सरकते का ते तेव्हाच कळतं.