आजोबांना मारू नका, पुढचा सिझन आहे

गेल्या अंकात मी जाता जाता लिहून गेले की सध्या मालिकांचे नवे सिझन बघण्यात माझं लिहिणं मागं पडलंय. संपादकांनी लगेच त्यावर पत्रं मागवली, आणि माझ्या कादंबऱ्यांवर वर्षभरात येत नाहीत तेवढी पत्रं या एका वाक्यावर आली. राग यायला हवा होता, पण कुठल्या तोंडानं रागावणार, मीही तेच करतेय. जमतील तेवढ्या प्रश्नांना उत्तरं देते. शेवट फुटणार आहेत, ज्यांचं बघायचं राहिलंय त्यांनी जपून वाचा.

प्रश्न : ताई, पहिला सिझन झकास आणि पुढच्यात नुसतं पाणी घातलेलं, असं का होतं? लेखक तर तेच असतात ना?

उत्तर : दर वेळी होत नाही हो, पण होतं खरं. आणि लेखक बऱ्याचदा तेच असतात, त्यांची अक्कल मधल्या काळात कुठे गहाण पडलेली नसते. मी माझ्यावरून सांगते. माझी एक कादंबरी दोनशे चाळिसाव्या पानावर अडकली, नायिकेला एका बंद खोलीत शिरायचं होतं आणि तिच्याकडे किल्ली कुठून येणार तेच कळेना. दोन दिवस डोकं धरून बसले आणि मग सरळ तिसाव्या पानावर गेले, दाराआड एक खिळा ठोकला, त्याला किल्ली अडकवली आणि परत आले. वाचक म्हणाले, बाईंनी किती आधीपासून ठरवलं होतं बघा! कसलं डोंबलाचं ठरवलंय. टीव्हीवाल्यांना नेमकी हीच सोय नाही. पहिला भाग लोकांनी बघितला की बघितला, त्या भिंतीत आता खिळा ठोकता येत नाही.

‘ब्रेकिंग बॅड’चा पाचवा सिझन आठवा. 2012 साली सुरू झाला तेव्हा पहिल्याच प्रसंगात वॉल्टर व्हाइट, म्हणजे ड्रग बनवायला लागलेला रसायनशास्त्राचा मास्तर, दाढी वाढवून, नाव बदलून येतो आणि त्याच्या गाडीच्या डिकीत मशीनगन असते. ती कशासाठी, कोणावर, हे तेव्हा लिहिणाऱ्यांनाही माहीत नव्हतं, मालिकेच्या कर्त्यानं, व्हिन्स गिलिगननं, नंतर मोकळेपणानं सांगितलंय तसं. म्हणजे बंदूक आधी दाखवली आणि मग वर्षभर सगळी टीम तिच्यासाठी माणसं शोधत बसली. 2013 च्या शेवटच्या भागात ती उडाली आणि बरोबर उडाली, म्हणून आपण वा वा म्हणतो. बाकी कित्येकांच्या डिक्या उघडायच्याच राहून जातात.

हे दुखणं टीव्हीनं आणलेलं नाहीये बरं का. ‘पण लक्षात कोण घेतो?’ आधी ‘करमणूक’मध्ये हप्त्याहप्त्यानं आली, हरिभाऊंनाही छापून गेलेला हप्ता परत मागवता येत नव्हता. आणि डिकन्सनं 1843 मध्ये ‘मार्टिन चझलविट’चा खप मनासारखा होत नाही म्हटल्यावर नायकाला चालू कथेत उचलून अमेरिकेला पाठवलं. आज एखाद्या सिझनमध्ये सगळं कुटुंब अचानक परदेशात जातं तेव्हा आपण नाकं मुरडतो, पण ही युक्ती फार थोरामोठ्यांची आहे.

उलट बाजूही सांगते, कारण तिचा मला हेवा वाटतो. ‘ब्रेकिंग बॅड’मधला वॉल्टरचा साथीदार जेसी पहिल्याच सिझनमध्ये मरायचा होता. पण तो झालेल्या ॲरन पॉलचं काम बघून त्यांनी बेत बदलला आणि पुढे जेसीशिवाय ती गोष्ट उभीच राहिली नसती. माझं एकही पात्र अजून असं कॅमेऱ्यासमोर उभं राहून मला म्हणालेलं नाही की बाई, मला मारू नका, माझ्यात दम आहे.

प्रश्न : दोन सिझनमध्ये तीन तीन वर्षं घालवतात, तोवर कोण कोणाचं कोण हे विसरायला होतं. आमच्यासारख्या सत्तरी ओलांडलेल्यांनी काय करायचं?

उत्तर : तुमची तक्रार शंभर टक्के मान्य. ‘सेव्हरन्स’चा पहिला सिझन एप्रिल 2022 मध्ये संपला आणि दुसरा जानेवारी 2025 ला सुरू झाला, मधे जवळपास पावणेतीन वर्षं. मधे 2023 चा लेखकांचा संपही होता म्हणा, तो एकटाच 148 दिवस चालला, त्यामुळे सगळाच दोष आळसावर घालता येणार नाही.

पण त्यांनी दुसऱ्या सिझनची सुरुवात काय केली बघा. ज्यांनी बघितलं नाही त्यांच्यासाठी, यात माणसांच्या डोक्यात ऑपरेशन करून ऑफिसमधला मी आणि घरातला मी वेगळे करतात, एकाला दुसऱ्याचं काही आठवत नाही. पहिल्या सिझनच्या शेवटी ऑफिसमधला मार्क बाहेरच्या जगात घुसतो आणि ‘ती जिवंत आहे’ असं (मेलेली समजलेल्या बायकोबद्दल) ओरडतो तेवढ्यात बत्ती गुल. दुसऱ्याच्या सुरुवातीला लिफ्टचं दार उघडतं आणि तो त्या पांढऱ्या पांढऱ्या कॉरिडॉरमधून जिवाच्या आकांतानं पळत सुटतो, कारण त्याच्यासाठी मधे एक सेकंदही गेलेला नाही, ओरडणं अजून घशात आहे. त्याला नंतर सांगतात की पाच महिने झाले, आणि आपण सोफ्यावर बसून म्हणतो, पाच महिने काय घेऊन बसलास बाबा. गॅपचं असं सोनं मी तरी दुसरीकडे बघितलं नाही. हे त्यांनी आधीच योजलं होतं की हातात आलं तसं वापरलं, काही का असेना.

‘स्ट्रेंजर थिंग्ज’ला मात्र ती गॅप बाधली. गोष्टीतली वर्षं 1983 ते 1987, म्हणजे चार. खरी वर्षं 2016 ते 2025, म्हणजे नऊ. पहिल्या सिझनला ती पोरं सायकलवरून गावभर हिंडायची तेव्हा पाय पेडलला जेमतेम पुरतील अशी होती, शेवटच्या सिझनला सगळी विशी ओलांडलेली, आणि कथेत अजून शाळेतच. कादंबरीतला मुलगा मी म्हणेन तितकी वर्षं दहाचाच राहतो, तो आवाज फुटून मला अडचणीत आणत नाही. इथं बिचाऱ्यांची काही चूक नाही, हाडं वाढायची थांबत नाहीत.

विसरण्यावर उपाय विचारलात, तर आधीच्या सिझनचा फक्त शेवटचा भाग परत बघा. सगळा सिझन बघायच्या भानगडीत पडू नका, मी पडले होते, नवा सुरू करायच्या आधीच दमले.

प्रश्न : पुस्तक संपल्यावरही मालिका का चालू ठेवतात? ‘शोगन’चं काय होणार असं तुम्हाला वाटतं?

उत्तर : चालतेय म्हणून चालू ठेवतात, यात गूढ काही नाही. ‘शोगन’ 2024 मध्ये दहा भागांत आली आणि 1975 ची ती जाडजूड कादंबरी तिच्यात पूर्ण संपली. मूळची एकाच सिझनची होती. मग लोकांनी डोक्यावर घेतली, पुढचे सिझन करायचं जाहीर झालं, आणि त्या वर्षी तिनं टीव्हीचे अठरा एमी पुरस्कार घेतले, एका सिझनला इतके आधी कोणालाच मिळाले नव्हते. आता एवढं झाल्यावर दुकान बंद करा असं कोण म्हणेल.

मला भीती वाटते ती शेवटाची. पहिल्या दहा भागांत प्रत्येक माणूस कशासाठी जगतोय आणि कशासाठी मरणार हे आधी कोणीतरी एकट्यानं बसून ठरवलेलं होतं, आणि ते दिसतं. ‘गेम ऑफ थ्रोन्स’ 2011 ला सुरू झाली त्याच वर्षी त्या मालेतली पाचवी कादंबरी आली, सहावी अजून यायचीय. मालिका पुस्तकांच्या पुढे गेली आणि 2019 ला आठवा सिझन सहा भागांत उरकला. तो परत लिहा म्हणून लोकांनी अर्ज केला त्यावर दहा लाखांच्या वर सह्या पडल्या. माझ्या मते शेवट काय झाला हा राग नव्हताच, राणी डेनेरिस शहर जाळणार हे पटलंही असतं. तिथपर्यंत पायी न्यायच्या ऐवजी गाडीत कोंबून नेलं हा राग होता. आधीच्या सिझनमध्ये एका किल्ल्यावरून दुसऱ्यावर जायला सगळा सिझन लागायचा हो, आणि नंतर लोक घाटातून टेम्पो आल्यासारखे येऊ लागले.

पुस्तकं तयार असली की काय होतं ते बघायचं तर ‘स्लो हॉर्सेस’ बघा. एक पुस्तक, एक सिझन, सहा भाग, बास. 2022 ते 2025 मध्ये पाच सिझन आले सुद्धा. त्यातल्या हेरांच्या साहेबाच्या, म्हणजे गॅरी ओल्डमनच्या, मोज्याला भोक आहे आणि अंगठा बाहेर आलाय, तो पाय टेबलावर ठेवून हाताखालच्यांना शिव्या घालतोय, आणि सिझन बदलला तरी त्या माणसाला कोणी सुधारायला जात नाही. मला तरी यापेक्षा जास्त काही नको असतं.

प्रश्न : काही भागांत काहीच घडत नाही, उगाच वेळकाढूपणा. हे फिलर भाग बंदच करायला हवेत ना?

उत्तर : अजिबात नाही! पूर्वी अमेरिकन चॅनेलवर सिझन म्हणजे सप्टेंबर ते मे, वीस-बावीस भाग, त्यात निम्मे भरताड असायचे हे खरं, पण त्या भरताडात माणसं नुसती बसून बोलायची आणि त्यातून ती आपली व्हायची. आता आठ भाग, प्रत्येकात स्फोट, आणि संपल्यावर नायकाच्या बहिणीचं नाव आठवत नाही.

‘ब्रेकिंग बॅड’च्या तिसऱ्या सिझनमध्ये 2010 चा एक भाग आहे, त्यात लॅबमध्ये माशी शिरते आणि दोन माणसं ती मारायला बघतात. एवढंच. पैसे वाचवायचे होते म्हणून एकाच जागी शूट केलेला भाग, पुष्कळांना तो अजूनही आवडत नाही. पण शेवटाकडे काय होतं बघा. वॉल्टरनं झोपावं म्हणून जेसीनं त्याच्या कॉफीत गोळ्या घातल्यात, जेसी डुगडुगत्या शिडीवर चढलाय, खाली शिडी धरून वॉल्टर पेंगतोय, आणि त्या गुंगीत तो म्हणतो की जेनबद्दल मला वाईट वाटतं. जेन म्हणजे जेसीची मैत्रीण, जिला वॉल्टरनं डोळ्यांदेखत मरू दिलं आणि जेसीला ते माहीत नाही. तो अजून एक वाक्य बोलला तर सगळं संपलं. मी उठून उभी राहिले होते खरंच. माशी कुठे गेली ते मला आठवतही नाही.

प्रश्न : तुमच्या कादंबरीवर वेबसिरीज आली तर द्याल का?

उत्तर : देणार होते. एका निर्मिती कंपनीनं बोलावलं होतं, माणसं सज्जन होती, पुस्तक वाचून आली होती, भिंतीवर रंगीत चिठ्ठ्या चिकटवलेल्या. तुम्हाला माहितीय माझ्या त्या कादंबरीत आजोबा मरतात, आणि मरतात म्हणूनच घर विकायला निघतं, भावंडं भांडतात, पुढचं सगळं होतं. तर एक तरुण मुलगा फार अदबीनं म्हणाला, मॅडम, आजोबांना मारायलाच पाहिजे का? मी म्हटलं म्हणजे? म्हणाला, कोमात ठेवू, सिझन दोनमध्ये उठतील. मी म्हटलं अरे ते उठले तर घर कोण विकेल, तर तो चिठ्ठ्यांकडे बघत म्हणाला, मग घर सिझन तीनमध्ये विकू.

मला हसू आलं आणि मग घरी येऊन वाईट वाटलं. तो मुलगा मूर्ख नव्हता. त्याला उद्या कोणीतरी विचारणार होतं की पुढच्या सिझनला काय, आणि मेलेले आजोबा हे त्याचं उत्तर नव्हतं. पुढे त्यांचा फोन आला नाही, मीही केला नाही. आजोबा पान 52 वर मेले ते मेलेच आहेत.

प्रश्न : सगळा सिझन एका रात्रीत बघणं चांगलं की आठवड्याला एक भाग?

उत्तर : आठवड्याला एक. 2013 ला ‘हाउस ऑफ कार्ड्‌स’चे तेरा भाग एकदम आले तेव्हा मीही रात्रभर जागले आणि काय क्रांती झाली म्हणून उड्या मारल्या, आता त्यातला सातवा भाग कोणता म्हणाल तर सांगता येणार नाही. मधले सहा दिवस आपण मनातल्या मनात गोष्ट लिहीत असतो, तो निम्मा आनंद आहे. हे सांगणारी मी परवा चार भाग एका दमात बघितले, तेव्हा फार मनावर घेऊ नका.

प्रश्न : एकच सुचवायचं तर काय सुचवाल? सिझनची भानगड नको, पटकन संपणारं सांगा.

उत्तर : ‘ॲडॉलेसन्स’, 2025 ची. चार भाग, प्रत्येक भाग एकाच शॉटमध्ये, कुठेही कट नाही. तेरा वर्षांच्या मुलावर वर्गातल्या मुलीच्या खुनाचा आळ आहे. सलग शॉटचं कौतुक खूप झालंय, मी तिसऱ्या भागातल्या सँडविचबद्दल सांगते. मानसशास्त्रज्ञ बाई त्या मुलाला भेटायला येतात, बरोबर अर्धं सँडविच आणलेलं असतं, ते त्याला देतात. त्याला त्यातलं लोणचं आवडत नाही, तरी एक घास खातो. मग तासभर तो गोड बोलतो, ओरडतो, घाबरवतो, पुन्हा लहान होतो. शेवटी त्याला ओढत नेतात आणि बाई खोलीत एकट्या उरतात. टेबलावर ते सँडविच, त्याला एका मुलाच्या दातांची खूण. त्या हात पुढे करतात आणि हात मागे येतो.

मला ते लिहायला तीन पानं लागली असती आणि तरी जमलं नसतं. पुढच्या अंकात कादंबऱ्यांवरचेही प्रश्न पाठवा की, एखादा तरी.