आणीबाणीत हमीपत्रावर सही करून सुटता येत होतं, तर कार्यकर्ते तुरुंगात का राहिले?

हाच प्रश्न माझे काका आयुष्यभर विचारत आले, म्हणून लिहायला बसले.

वडील समाजवादी कार्यकर्ते, मिसाखाली, म्हणजे खटल्याशिवाय डांबून ठेवणाऱ्या कायद्याखाली, येरवड्याच्या तुरुंगात होते. डीआयआर, म्हणजे भारत संरक्षण नियमांखाली पकडलेल्याला निदान कोर्ट दिसायचं. मिसात कारण सांगत नसत, जामीन नाही, सुटकेची तारीख नाही. पगार बंद झाला, आईने शिवणकाम धरलं, नातेवाईक रस्ता ओलांडून जाऊ लागले.

एक दिवस काका मजकूर टाईप करूनच घेऊन आले. वीस कलमी कार्यक्रमाला माझा पाठिंबा आहे, यापुढे सरकारविरोधी कारवायांत भाग घेणार नाही, वगैरे. म्हणाले, "वहिनी, पुढच्या वेळी तुरुंगात भेटायला जाल तेव्हा हे घेऊन जा. दादा तुमचं ऐकतो." आईने पूर्ण वाचून विचारलं, "भावजी, यांनी आधी काय केलं ते यात कुठे लिहिलंय?" काका गप्प. तो कागद येरवड्याला गेलाच नाही.

माझं उत्तर आईचंच आहे. गुन्हा सांगायचा नाही आणि हमी मात्र मागायची, त्यावर सही का करावी? २८ एप्रिल १९७६ला सर्वोच्च न्यायालयाने हेबियस कॉर्पसचा, म्हणजे बेकायदा अटकेविरुद्ध कोर्टात दाद मागण्याचा, रस्ताही बंद केला. पाचांपैकी एकट्या न्या. खन्नांनी विरोध नोंदवला. त्यानंतरही माणसं सही न करता आत राहिली, याला काका हट्ट म्हणायचे. मी नाही म्हणत.

"राजकारण केलं की भोगावंच लागतं," हे त्यांचं दुसरं पालुपद. मग लेखिका दुर्गाबाई भागवत कोणत्या पक्षाच्या होत्या? कऱ्हाडच्या साहित्य संमेलनात स्पष्ट बोलल्या, पुढे त्यांनाही अटक झाली.

सही केलेल्या सगळ्यांना मी नावं ठेवत नाही. कुणाच्या घरी अंथरुणाला खिळलेलं माणूस होतं. आणि सही केली की सुटका होईलच, अशी हमी सरकारने कुणाला दिली नव्हती.

या विषयावर खरंच काही शोधत असाल तर नेत्यांची भाषणं बाजूला ठेवा, कैद्यांच्या बायकांना विचारा. त्या फार थोड्या उरल्यात. आणि "हट्टापायी पोरं उपाशी मारली" असं सांगणारा कुणी भेटला, तर त्याने तेव्हा किती मदत केली तेही विचारा. आमच्या वाण्याची उधारी काकांनी कधीच भागवली नाही. ती शेजारच्यांनी भागवली, आणि ते घर पिढ्यान्‌पिढ्या काँग्रेसला मत देणारं होतं.