संध्याकाळचा भार

प्रिय मित्रा,

अनेक आशीर्वाद. औष्णिक वीज केंद्रातली नोकरी स्वीकारावी का, असे तू विचारले आहेस. पण कोळसा जाळण्याच्या कामात उमेदीची वर्षे घालवावीत का, हा संकोच मला त्या प्रश्नाहून अधिक जाणवला. तो अनाठायी नाही. कोळशापासून एक युनिट वीज करताना जवळपास किलोभर कार्बन डायऑक्साइड हवेत जातो. राखेचा आणि पाण्याचा हिशेब निराळाच. याकडे डोळेझाक करून या क्षेत्रात येऊ नकोस.

मात्र विकसनशील देशाचा वीजपुरवठा वर्षाच्या बेरजेवर जोखायचा नसतो, तो तासातासाने पाहायचा असतो. दुपारी सौर वीज भरपूर मिळते, पण सूर्य मावळतो नेमक्या त्याच वेळी घरोघरचे दिवे लागतात, आणि पुरेशी साठवण किंवा जलविद्युत नसेल तर मागणीची ती चढण कोळशाच्या संचांनाच, म्हणजे वीज बनवणाऱ्या यंत्रजोड्यांनाच, चढावी लागते. कोळशाच्या बाजूने मला मान्य असलेला युक्तिवाद एवढाच आहे. स्वस्त विजेचा युक्तिवाद मी सहसा करत नाही, कारण संच बंद असला तरी करारातला स्थिर आकार, म्हणजे वीज घेतली नाही तरी केंद्राला द्यायची ठरावीक रक्कम, भरावाच लागतो आणि गरजेपेक्षा जास्त केंद्रे उभारणाऱ्या देशाला तो वर्षानुवर्षे सलतो.

दक्षिण आफ्रिकेचा अनुभव बारकाईने अभ्यासावा असा आहे. शिल्लक क्षमता २००७च्या सुमारास संपेल, असा इशारा तिथल्या १९९८च्या ऊर्जा धोरणपत्रिकेने दिला होता. नवी केंद्रे वेळेत उभी राहिली नाहीत आणि जानेवारी २००८मध्ये भारनियमन इतके वाढले की सोन्याच्या आणि प्लॅटिनमच्या खाणी काही दिवस बंद ठेवाव्या लागल्या. २००७मध्ये मेदुपी या कोळशावरच्या केंद्राचे काम सुरू झाले आणि २०१०मध्ये जागतिक बँकेने ३७५ कोटी डॉलरचे कर्ज मंजूर केले, ज्याचा मोठा वाटा याच केंद्रासाठी होता. त्याच्या सहा संचांची क्षमता सुमारे ४,८०० मेगावॉट. पैकी पहिला संच २०१५मध्ये आणि शेवटचा २०२१मध्ये व्यावसायिक उत्पादनात आला. त्यानंतर काही दिवसांतच चौथ्या संचाच्या जनित्रात स्फोट झाला. मोठे जनित्र थंड ठेवण्यासाठी त्यात हायड्रोजन भरतात; तो काढताना आधी कार्बन डायऑक्साइड सोडून हायड्रोजन बाहेर ढकलायचा आणि मगच हवा आत घ्यायची, हा क्रम काटेकोरपणे पाळावा लागतो. तिथे तो क्रम चुकला. कागदावर मोजलेली क्षमता आणि ग्रिडला प्रत्यक्ष मिळणारी वीज यांतले अंतर अशाच एखाद्या झडपेपाशी पडते.

लहान ग्रिडमध्ये आणखी एक अडचण येते. एकूण मागणीच्या मानाने संच फार मोठा असला, तर तो ट्रिप होताच, म्हणजे अचानक बंद पडताच, ग्रिडमधल्या विजेची वारंवारिता (दर सेकंदाच्या आवर्तनांची संख्या) झपाट्याने घसरते आणि एका संचाचा बिघाड देशभराचा अंधार होऊ शकतो.

तुझे काम माझ्यापेक्षा अवघड असेल. आम्ही संच पूर्ण भारावर महिनोन्‌महिने चालवत असू. तुला तो दुपारी खाली आणून संध्याकाळी वर न्यावा लागेल. भार फार उतरला की भट्टीतली ज्योत अस्थिर होते, ती टिकवायला तेल जाळावे लागते, आणि तापण्या-निवण्याच्या फेऱ्यांनी जाड धातूला थकवा येतो. माझ्या उमेदवारीत एका रात्री संच बंद झाल्यावर बॅरिंग गिअर, म्हणजे टर्बाइनचा फिरता दांडा (रोटर) निवेपर्यंत सावकाश फिरवत ठेवणारे यंत्र, लागेना. तापलेला रोटर स्थिर राहिला तर वाकतो, म्हणून आम्ही चौघांनी तो पहाटेपर्यंत आळीपाळीने हाताने फिरवला. संच बंद करणे म्हणजे बटण दाबणे नव्हे, हे माझ्या खांद्यांना तेव्हाच कळले.

माझ्या मते तू नोकरी घ्यावीस, पण ती संच कमी भारावर सुरक्षित चालवण्याची विद्या शिकण्यासाठी, कारण सौर वीज जसजशी वाढेल तसतशी तीच लागणार आहे. रुजू होण्यापूर्वी दोन गोष्टी विचारून घे: तेलाच्या आधाराशिवाय संच किती टक्के भारापर्यंत खाली येतो, आणि गेल्या वर्षी तो किती वेळा बंद करून पुन्हा सुरू करावा लागला. उत्तरे मिळाली की मला कळव. त्यावरून पुढचे पत्र लिहीन.

तुझा,
एक निवृत्त पाळीप्रमुख