आधी हे सुटू दे, मग स्वतःकडे बघते

"आधी हे अडलेलं सुटू दे मॅडम, मग स्वतःकडे बघते." सोलापुरातील माझ्या समुपदेशनाच्या खोलीत हे वाक्य मी इतक्या जणांकडून ऐकले आहे, की समोरची व्यक्ती श्वास घेते तेव्हाच ते येणार हे मला कळते. यंत्रमाग चालवणारे गृहस्थ असोत, मुख्य परीक्षेत दुसऱ्यांदा अडकलेला मुलगा असो किंवा अंथरुणाला खिळलेल्या सासूची शुश्रूषा करणारी सून असो. प्रत्येकाचा अडथळा निराळा असतो, समजूत मात्र एकच असते. झोप, जेवण आणि विसावा ही जणू मजुरी आहे आणि काम फत्ते झाल्याशिवाय ती मागायची नसते. या समजुतीविषयी लिहावे असे मनात होतेच. त्यासाठी एका ताईंची हकीकत त्यांच्या परवानगीने आणि ओळख पटणार नाही इतके तपशील बदलून सांगते.

या ताई शाळांचे गणवेश शिवून देतात. घरामागच्या पत्र्याच्या शेडमध्ये सहा मशीन आहेत. आपल्याकडे गणवेशाचा हंगाम जून उजाडेपर्यंत चालतो, म्हणजे पारा चाळिशीच्या वर असतो तेव्हाच कामाची गर्दी असते. त्यातच खिशावरचे बोधचिन्ह चुकल्यामुळे दोनशे शर्ट परत आले आणि पैसे अडकले. त्यानंतर पहाटे तीनला जाग येऊ लागली. दुपारचे जेवण म्हणजे चार वाजता मशीनपाशी उभ्यानेच मोडलेली कडक भाकरी आणि शेंगाचटणी. पहिल्या भेटीत त्यांच्या ओढणीला भाकरीचा चुरा तसाच चिकटलेला होता. काही बिघडले, की त्या स्वतःला इतक्या कठोर शब्दांत बोलत, की शेडमधल्या मुलीही मान खाली घालत.

मी प्रथम त्यांना रक्ततपासणी करून घ्यायला सांगितले. थकवा आणि चिडचिड यांच्यामागे रक्तक्षय किंवा थायरॉइड असू शकते, आणि शरीराचे दुखणे मनाच्या खात्यावर लिहिणे हा आमच्या व्यवसायातला जुना दोष आहे. उदासी दोन आठवड्यांहून अधिक टिकली, कशातच रस उरला नाही किंवा जगणे नकोसे वाटू लागले, तर समुपदेशनावर न थांबता मनोविकारतज्ज्ञांकडे जावे. सरकारच्या टेलिमानस या मानसिक आरोग्याच्या दूरध्वनी सेवेचा 14416 हा विनामूल्य क्रमांक दिवसरात्र चालू असतो. ताईंच्या बाबतीत तसे काही नव्हते, तपासण्याही ठीक आल्या.

मग मी एक चूक केली. संध्याकाळी कंबर तलावाकडे अर्धा तास चालणे, वेळेवर जेवण, रात्री मोबाइल दूर, अशी नेहमीची यादी त्यांना दिली. तिसऱ्या भेटीत त्यांनी वही उघडली. ऑर्डरींच्या वहीसारखेच रकाने आखलेले होते आणि नऊ ठिकाणी लाल शाईने 'चुकले' असे लिहिलेले होते.

"पाणी चार दिवसांनी येतं मॅडम, तेही संध्याकाळी. पाणी भरू की चालायला जाऊ? पण चालायलाच पाहिजे ना? झोपायलाच पाहिजे. आता हेसुद्धा मला जमंना."

मी विवेकनिष्ठ विचारपद्धतीची अभ्यासक आहे. ही पद्धत अमेरिकी मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिस यांनी 1955च्या सुमारास मांडली. परिस्थिती त्रास देतेच, पण 'हे असे असता कामाच नये' हा आपला हट्ट त्या त्रासाची दुप्पट आकारणी करतो, हे तिचे सार मला फार पूर्वीच पटले आहे. तो हट्ट मराठीत एका अक्षरात मावतो, ही मात्र माझी स्वतःची कमाई आहे. ते अक्षर म्हणजे 'च'. ताईंच्या बोलण्यातला 'च' मी पहिल्या दिवसापासून टिपत होते. तो माझ्याच यादीत शिरून बसला आहे, हे मला त्या वहीने दाखवले. मी दिलेली काळजीही त्यांच्यासाठी आणखी एक ऑर्डर झाली होती.

वही मिटून मी विचारले, "मशीनची सुई कधी बदलता?"

"सुई? जाड कापड असेल तर रोज. टोक बोथट झालं की टक् टक् आवाज येतो, टाका सुटतो."

"तुटेपर्यंत वापरत नाही?"

"छे! तोवर कापडाला भोकं पडतात. दहा रुपयांच्या सुईपायी शर्ट घालवायचा का?"

"आणि हंगामाची घाई असेल तर? ऑर्डर संपल्यावर बदलू, असं म्हणता का?"

"घाईत तर आधी..." त्या बोलता बोलता थांबल्या. बाहेरून रिक्षाचा आवाज येत होता, पंखा फिरत होता. बराच वेळ त्या आपल्या उजव्या हाताचे बोट, सुई टोचून टोचून निबर झालेले, अंगठ्याने चोळत राहिल्या. मग हळूच म्हणाल्या, "मला टक् टक् ऐकू येत होतं मॅडम. गेल्या दिवाळीपासून."

अशा वेळी समुपदेशकाने गप्प बसावे. मी बसले, तरुणपणी मला ते जमत नसे.

त्यानंतर आम्ही यादी फाडली. उरले ते एवढेच: दुपारी एकला शेडमधल्या सगळ्यांनी मशीन बंद करून जमिनीवर बसून जेवायचे. पाण्याच्या दिवशी चालणे नाही आणि त्याची नोंदही नाही. पहाटे जाग आली, तर दोनशे शर्टांचा हिशेब अंथरुणात न मांडता उठून कागदावर लिहायचा आणि कागद शेडमध्ये ठेवून यायचा. 'हे मला सहनच होत नाही' या वाक्याऐवजी 'हे मला अजिबात आवडलेलं नाही' असे म्हणायचे. दुसरे वाक्य अधिक खरे आहे, आणि ते म्हणून झाल्यावर पुढच्या कामासाठी अंगात थोडे बळ उरते. निराशा घालवून मग स्वतःला सांभाळायचे, हा क्रम मला उलटा वाटतो. निराशा अंगावर असतानाच जेवायचे असते.

जूनच्या दुसऱ्या आठवड्यात त्या आल्या तेव्हा झोप पाच-सहा तासांवर आली होती. मी शर्टांचे विचारले.

"पैसे अजून अडकलेलेच आहेत," त्या म्हणाल्या, आणि माझ्याकडे बघून हसल्या. "हा 'च' चालेल ना मॅडम? हा खरा आहे."