"आई, फ्लॅट माझ्या नावावर करून टाक ना"

राहतं घर हयातीतच मुलाच्या नावावर करावं का, हा प्रश्न माझ्याकडे सतत येतो. एक काकू आल्या होत्या (ओळख पटू नये म्हणून तपशील बदललेत), वय 68, काका जाऊन दोन वर्षं झालेली, मुलगा म्हणतोय फ्लॅट आत्ताच माझ्या नावावर कर म्हणजे पुढे कटकट नको, आणि काकूंची झोप उडालेली. मुलगा वाईट नाही हो, मेंटेनन्स तोच भरतो, पण सही केली की आपल्याच घरात आपण पाहुण्या होऊ, ही भीती त्या बोलूच शकत नव्हत्या, कारण बोललं की "माझ्यावर विश्वास नाही का" होणार.

मी विचारलं फ्लॅट कोणाचा? "माझाच की, सोसायटीत नॉमिनी मीच होते." इथेच कितीतरी घरांत घोळ असतो. फ्लॅट काकांच्या नावावर होता, आणि नॉमिनी म्हणजे मालक नाही. काकांनी मृत्युपत्र केलं नव्हतं, त्यांची आईही हयात नव्हती, त्यामुळे 1956च्या हिंदू वारसा कायद्याने काकू, मुलगा आणि लग्न झालेली मुलगी, तिघांचा सारखा वाटा. म्हणजे काकूंना अख्खा फ्लॅट देताच येणार नव्हता! आणि मुलीला कोणी विचारलंच नव्हतं, "तिला लग्नात दिलंय की" म्हणून विषय संपवलेला.

पुढच्या वेळी तिघांना एकत्र बसवलं. मुलगी बराच वेळ गप्प, मग म्हणाली बाबांच्या आजारपणात मी सोनं मोडलं. दादाला खरंच माहीत नव्हतं. त्याचीही भीती मग बाहेर आली, इतकी वर्षं घर सांभाळलं आणि उद्या हिस्सा मागितला तर बायकापोरं घेऊन जायचं कुठे.

माझं मत स्पष्ट आहे, राहत्या घराचं बक्षीसपत्र (म्हणजे हयातीतच घर मोबदला न घेता दुसऱ्याच्या नावावर करून देणं) करायची घाई करू नका. ते एकदा रजिस्टर झालं की सहज मागे घेता येत नाही, 2007च्या ज्येष्ठ नागरिक कायद्यात कलम 23 आहे पण ते सांभाळायच्या अटीवर दिलेल्या मालमत्तेसाठी, आणि पोटच्या मुलाविरुद्ध प्रांताधिकाऱ्यांकडे अर्ज करायला किती आया धजावतील सांगा. मृत्युपत्र हवं तेव्हा बदलता येतं, दोन साक्षीदार लागतात, नोंदणी सक्तीची नाही पण केलेली बरी.

शेवटी दोन्ही मुलांनी आपापला वाटा सोडून आईच्या नावे हक्कसोडपत्र करून दिलं, आणि काकूंनी वकिलाकडून मृत्युपत्र करून घेतलं, दोघांना निम्मं निम्मं, मुलाला घर ठेवायचं असेल तर बहिणीचा वाटा तेव्हाच्या बाजारभावाने त्याने द्यायचा. सोन्याचे पैसे मात्र तो आत्तापासूनच दर महिन्याला फेडतोय, ते त्याने स्वतःहून ठरवलं.