शहराचा इतिहास लिहायचा असेल तर वेशीवरच्या गावापासून सुरुवात करा

नागपूरच्या वस्त्यांवर लिहिण्याचा तुमचा विचार मला मनापासून आवडला. देवगडचा गोंड राजा बख्त बुलंद शाह याने 1702 मध्ये हे नगर वसवले, भोसल्यांनी ते वाढवले, 1867 मध्ये रेल्वे आली आणि 1877 मध्ये एम्प्रेस मिल सुरू झाली, हा क्रम कोठेही मिळेल. त्यात फार दिवस घालवू नका. इतवारी, बुधवारी, शुक्रवारी ही नावे आठवडी बाजारांची खूण सांगतात, म्हणून मोहल्ल्यांच्या नावांची नोंद मात्र अवश्य ठेवा.

तुम्ही खेड्यात राहता, ही माझ्या मते तुमची सर्वांत मोठी जमेची बाजू आहे. ज्या शेतांवर आज लेआउट पडले आहेत, त्यांचा जुना सातबारा तलाठ्याकडून किंवा तहसीलच्या अभिलेख कक्षातून मिळवा, आणि त्यासोबत निस्तार पत्रक (चराई, सरपण अशा सामाईक हक्कांची नोंद) व वाजिब-उल-अर्ज (गावच्या रूढी व वहिवाटीची नोंद) हे मालगुजारीच्या, म्हणजे मालगुजार गावाचा शेतसारा गोळा करून सरकारला भरत असे त्या पद्धतीच्या, काळापासूनचे हक्क सांगणारे दस्तऐवज जरूर मागा, कारण गुरे कोठे चरत, सरपण कोठून येई, तलावाच्या पाण्यावर कोणाचा हक्क होता, हे त्यांतच सापडते. मालगुजारी 1951 मध्ये संपली. तो काळ पाहिलेली माणसे आता थोडीच उरली आहेत. म्हणून कागद नंतर पाहिले तरी चालतील, परंतु त्या आजोबा-आजींकडे याच उन्हाळ्यात जाऊन बसा, आणि त्यांची वऱ्हाडी किंवा झाडी बोली जशीच्या तशी उतरवा.