इंग्रजीतला 'पंच' एक नाही, तीन आहेत

प्रश्न असा आहे की ठोसा, कागदाला भोकं पाडायचं यंत्र, फळांचा रस घातलेलं मद्य, लंडनचं जुनं विनोदी साप्ताहिक आणि इंग्लंडच्या सफोक परगण्याचा घोडा या सगळ्यांना इंग्रजीत 'पंच' कसं काय म्हणतात, आणि तो शब्द आपल्या 'पाच'वरून गेलाय हे खरं का. स्पेलिंग एक असलं तरी हे मुळात तीन वेगळे शब्द आहेत. पाचाशी नातं लागतं ते त्यातल्या एकाचंच, आणि त्यावरही वाद आहे. त्यामुळे सगळ्यांना एका मुळाशी बांधायचा प्रयत्न करू नका, तिथेच गफलत होते.

पहिला पंच टोचण्याचा. लॅटिनमध्ये 'पुंगेरे' म्हणजे टोचणे. त्यावरून जुन्या फ्रेंचमध्ये टोकदार हत्याराचं नाव पडलं आणि चौदाव्या शतकाच्या सुमारास ते इंग्रजीत आलं. पॉइंट, पंक्चुएशन, पंक्चुअल हे सगळे त्याचेच भाऊबंद. सायकलचं 'पंक्चर' आणि एसटीच्या कंडक्टरचा पूर्वीचा तिकिटाला भोक पाडणारा पंच हे सख्खे नातेवाईक आहेत. ठोशाचा अर्थ नंतरचा. आधी टोचणे, मग काठीने ढोसणे (अमेरिकेत गुरं हाकणाऱ्याला 'काउपंचर' म्हणतात ते यातूनच), आणि सोळाव्या शतकात मुठीने ढोसणे. आपल्याकडे सिनेमावाले 'पंच डायलॉग' म्हणतात, तो या ठोशाचा वंशज.

हत्यार म्हणून हा शब्द आजही रोजच्या कामात आहे. आयटीआयमध्ये फिटरला विचारा. ड्रिल मारण्याआधी तो खुणेवर सेंटर पंच उभा धरतो आणि हातोडीचा एक ठोका देतो. त्या खळग्यात ड्रिलचं टोक बसतं आणि घसरत नाही. पण मला सगळ्यात जवळचा वाटतो तो छापखान्याचा पंच. पोलादी कांडीच्या टोकावर कारागीर अक्षर उलटं कोरायचा, मग पोलादाला पाणी देऊन ते कडक करायचा. ही कांडी तांब्याच्या तुकड्यावर ठोकली की अक्षराचा साचा तयार, आणि त्या साच्यात शिशाचा रस ओतला की खिळा, म्हणजे छपाईचं सुटं अक्षर, तयार. देवनागरीत हे काम जास्तच किचकट, कारण वेलांट्या, रफार, जोडाक्षरं सगळं वेगळं कोरायचं. बंगालमध्ये श्रीरामपूरला विल्यम कॅरी या इंग्रज मिशनऱ्याच्या छापखान्यासाठी असे पंच कोरणाऱ्या कारागिराचं नाव होतं पंचानन कर्मकार. नावातला 'पंच' संस्कृत आणि हातातला लॅटिन, हा निव्वळ योगायोग. कॅरीचं मराठी व्याकरण १८०५ साली तिथूनच बाहेर पडलं, त्यामुळे आपल्या छपाईच्या इतिहासात या हत्याराला मोठं स्थान आहे.

दुसरा पंच माणसाचा, म्हणजे बाहुलीचा. इटलीत नेपल्सकडे 'पुल्चिनेला' नावाचं एक मुखवट्याचं विनोदी पात्र होतं, चोचीसारख्या वाकड्या नाकाचं. इंग्लंडमध्ये त्याचं 'पंचिनेलो' झालं आणि मग नुसतं 'पंच'. सॅम्युअल पीप्स या लंडनच्या रोजनिशीकाराने मे १६६२ मध्ये लंडनच्या कोव्हेंट गार्डनमध्ये त्याचा बाहुल्यांचा खेळ पाहून रोजनिशीत नोंद केली. त्याच पीप्सने १६६९ मध्ये लिहिलंय की गरीब लोक आपल्या गुबगुबीत पोराला 'पंच' म्हणताना ऐकलं, आणि जाड नि बुटक्या कशालाही हा शब्द आता सर्रास वापरतात. शब्दाचा अर्थ बदलताना असा रंगेहाथ सापडणं फार दुर्मिळ. सफोकचा घोडाही आखूड पायांचा नि भरीव अंगाचा, म्हणून 'सफोक पंच'. १८४१ मध्ये निघालेल्या 'पंच' साप्ताहिकाने याच बाहुलीचं नाव घेतलं. त्याची लोकप्रियता इतकी की लखनौला 'अवध पंच' आणि ठाण्याला मराठी 'हिंदुपंच' निघाला. व्यंगचित्राला 'कार्टून' म्हणायची सुरुवातही १८४३ मध्ये याच साप्ताहिकात झाली.

आता पेयाचा पंच. इंग्रजीतली सगळ्यात जुनी नोंद १६३२ सालच्या एका पत्रात आहे, आणि ते लिहिणारा ईस्ट इंडिया कंपनीचा माणूस. पुढे जॉन फ्रायर नावाचा इंग्रज डॉक्टर १६७३ च्या सुमारास पश्चिम किनाऱ्यावर आला. तो लिहितो की गोव्यातल्या नेरूलला उत्तम अरक (गाळलेली दारू) होतो, त्याला 'नेपा द गोवा' म्हणतात, आणि त्यापासून इंग्रज जे पेय करतात त्याला 'पॉन्च' म्हणतात, कारण हिंदुस्तानी भाषेत त्याचा अर्थ पाच. पाच जिन्नस म्हणजे साधारणपणे अरक, साखर, लिंबू, पाणी आणि जायफळासारखा मसाला.

शंका घेणाऱ्यांचे मुद्देही वजनदार आहेत. त्या काळी इंग्रजीतला हा स्वर 'पुट'मधल्यासारखा होता, म्हणजे उच्चार 'पुंच'च्या जवळचा, आणि 'पाच'चा 'पुंच' का व्हावा? शिवाय जिन्नस नेहमी पाचच असत असंही नाही. म्हणून काहींच्या मते हा शब्द 'पंचन' नावाच्या दारूच्या पिंपावरून खलाशांनी आखूड केला.

तरीही मी पाचाच्या बाजूने आहे. हिंदुस्तानात राहून गेलेल्या माणसाने, इथेच, अर्थासकट दिलेली व्युत्पत्ती मला पिंपाच्या तर्कापेक्षा जास्त भक्कम वाटते. शिवाय पेयाचा मुख्य जिन्नस अरक, तोही इकडचाच. मात्र परीक्षेत किंवा लेखात लिहायचं असेल तर 'बहुधा' हा शब्द घालूनच लिहा. आणि क्रिकेटमधला पंच, पंचायत, पंचनामा यांना या तिन्हींत गोवू नका. ते थेट संस्कृत 'पञ्च'वरून आलेत, इंग्रजीचा त्यात काही हात नाही.